मला गोडी कळत नाही

कळंबच्या शाळेतली पोरं मला दुर्बीण म्हणतात. मित्रांनो, मी दुर्बीण नाही. माझ्यातून लांबचं काही दिसत नाही, अगदी पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणीसुद्धा नाही. मी उसाचा रस तपासायचं एक जुनं यंत्र आहे. माझं खरं नाव रिफ्रॅक्टोमीटर. ते उच्चारताना मुख्याध्यापकांची जीभ अडखळते, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! कारखान्यात होते तोवर लोक मला 'तो मीटर' म्हणत आणि मी पुरुष होतो. शाळेत आल्यावर 'ती दुर्बीण' झाले. अख्ख्या वर्गाने एकमुखाने बाई ठरवल्यावर भांडून काय उपयोग? मी मुकाट्याने बाई झाले, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच माझे दिवस चांगले गेले.

माझी घडण साधी आहे. एका टोकाला तिरपी घासलेली काच आणि तिच्यावर झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा, मध्ये हातात मावेल एवढी नळी. उसाला टोचा मारून रसाचा थेंब काढायचा, तो काचेवर टाकायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आत वरचा भाग निळा दिसतो, खालचा पांढरा. दोन्हींच्या मधली रेघ एका आकड्यावर थांबते. त्या आकड्याला ब्रिक्स म्हणतात. आकडा चढला की ऊस पिकला, असा हिशोब.

माझी उमेदीची वर्षं माळेगाव बुद्रुकच्या शिवारात गेली. कारखान्याच्या शेती खात्यातल्या राम तात्यांच्या खिशात मी असायचे. तात्या फडात उतरले की शेतकरी भोवती गोळा व्हायचे. तात्या मला डोळ्याला लावायचे आणि चार माणसं श्वास धरून उभी राहायची. "तात्या, किती आलं?" एवढंच विचारायची. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. मला त्याचा गर्व होता, का नसावा?

मग नवी यंत्रं आली. बटण दाबलं की आकडा आपोआप उजळतो, डोळा मिटायला नको की उजेड शोधायला नको. मी गेले टेबलाच्या खणात. तिथे वाळलेलं शिक्क्याचं पॅड आणि तुटका स्टेपलर माझे सोबती. किती उन्हाळे तिथे काढले, ते आठवत नाही. तात्या निवृत्त झाले तेव्हा मला मागून घेऊन घरी आले आणि कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या लेकीच्या हातावर ठेवलं. "अनिता, ह्याच्यात अजून जीव हाय. पोरांना दे," म्हणाले.

अनिता मॅडमना एक खोड आहे. कुणी उत्तर दिलं की त्या 'बरोबर' म्हणत नाहीत आणि 'चूक'ही म्हणत नाहीत. फक्त विचारतात, "कशावरून?" पृथ्वी गोल आहे, कशावरून? आज उकडतंय, कशावरून? पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं कशावरून मॅडम. त्यांना ते ठाऊक होतं. त्या एकदा हसून म्हणाल्या, "माझं नाव तेच आहे, कशावरून?"

आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर दोन मुली बसायच्या, स्वरूपा आणि गौहर. स्वरूपा कायम पहिला नंबर काढणारी. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. मला वर्गात आणलं त्या दिवशी तिने उभं राहून एका दमात सांगितलं, "ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण. अठराच्या वर आकडा आल्यास ऊस पक्व समजावा." पोपटाने सांगावं तसं, एक काना इकडचा तिकडे नाही. गौहर मात्र सावकाश बोलणारी. तिचा हात वर्ग संपता संपता वर जायचा आणि त्यात उत्तर नसायचं, प्रश्न असायचा.

पहिले काही दिवस सगळे नुसते आकडे वाचायचे. सतरा, एकोणीस, सोळा. माझ्यापुढे जत्रेतल्या पाळण्यासारखी रांग लागायची. मग एके दिवशी गौहरने विचारलं, "मॅडम, थेंब शेंड्याचा घ्यायचा का बुडख्याचा?"

"बघा की," मॅडम म्हणाल्या.

पोरांनी एकाच उसाचे तीन ठिकाणचे थेंब तपासले. बुडख्याला आकडा जास्त, मध्ये जरा कमी, शेंड्याला त्याहून कमी. स्वरूपा चिडली. गाइडात हे नव्हतं. "एका उसाचे तीन आकडे, मग खरा कुठला?" तिने विचारलं. मित्रांनो, मी तिच्या हातात होते आणि तिची बोटं माझ्यावर किती घट्ट आवळली गेली ते मला कळलं. माझ्या मते त्या दिवशी तिचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. पुढच्या महिन्याभरात या पोरांनी स्वतःच शोधून काढलं की ऊस जसा पिकत जातो तसे बुडख्याचे आणि शेंड्याचे आकडे जवळ येतात, आणि नुसत्या एका आकड्यावर ऊस पिकला म्हणणं म्हणजे एका दाण्यावरून भात शिजला म्हणणं नव्हे. भाताचं पातेलं सगळं सारखं शिजतं. ऊस नाही.

कारखान्यात मला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला होता, किती? इथे पोरं विचारू लागली, का? कुठला? तिकडचा वेगळा का? म्हातारपणी कुणीतरी आपली नीट विचारपूस करावी, तसं मला वाटायचं.

आता जे घडलं ते सांगते.

गौहरच्या वडिलांची, गुलजार चाचांची, इंदापूरला हमरस्त्यालगत रसवंती. तिथे थांबणारी बसमधली माणसं, ट्रकवाले, तहसील कचेरीत आलेली मंडळी, सगळी त्यांच्याकडे रस प्यायची. ऊस यायचा स्वरूपाच्या आजोबांच्या, हिंदुरावांच्या रानातून. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, ईदचा शीरखुर्मा इकडे आणि दिवाळीची करंजी तिकडे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या साली हिंदुरावांनी माळावरचा ऊस कारखान्याला दिला आणि रसवंतीला कालव्याखालच्या रानातला धाडला. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं पेला अर्धा ठेवून उठू लागली. रस खारट लागतो म्हणू लागली.

चाचांनी ते हिंदुरावांना सांगितलं, आणि हिंदुरावांना ते लागलं. पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावणाऱ्या माणसाला तुझा ऊस खारट म्हणणं म्हणजे थोडं का? ते खांद्यावर दोन ऊस टाकून आणि चाचांना सोबत ओढून थेट वर्गात आले.

"मॅडम, तुमची ती दुर्बीण काढा," हिंदुराव म्हणाले. "आमच्या स्वरूपाला समदं येतंय. ती बघंल."

"आबा, जरा मुलांना विचार करू द्या," मॅडम म्हणाल्या.

"इचार कशाला? आकडा काढा."

स्वरूपाने थेंब टाकला, झाकण मिटलं आणि खिडकीकडे तोंड करून मला डोळ्याला लावलं. रेघ अगदी स्वच्छ होती. "वीस," ती म्हणाली. आबा जिंकले म्हणून तिचा आवाज चढला होता, हेही सांगून टाकते.

"ऐकलं, गुलजारभाई? वीस." हिंदुराव वळले. "वीसचा ऊस खारट असतो व्हय? न्हाय, ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय. तुझ्याच हातनं मीठ जास्त पडतंय आन नाव माझ्या उसाचं. इतकी वर्सं माझ्या रानावर धंदा केला, पर खाल्ल्या मिठाला जागला न्हायस."

"आबा, मीठ मी टेबलावर ठिवतो. ज्याला पायजे तो घालतो," चाचा म्हणाले. "मी खोटं बोलत न्हाय."

"मग दुर्बीण खोटं बोलती?"

चाचा गौहरकडे न बघता निघून गेले. मधल्या सुट्टीनंतर गौहर दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली.

गावात गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गुलजार रसात मीठ मारतो, शाळेच्या दुर्बिणीनं पकडलं, असं जो तो सांगू लागला. चाचांनी ऊस दुसरीकडून आणायला सुरुवात केली, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? उन्हाळा तोंडावर आणि रसवंतीत माशा बसू लागल्या. चाचांनी ठरवलं की जूनपासून गौहरला इंदापूरच्या शाळेत घालायचं, तिच्या परवीन फुफूकडे, म्हणजे आत्याकडे, ठेवून. आपल्याला खोटं म्हणणाऱ्या गावात लेकीला शिकवायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. स्वरूपाला हे कळलं त्या दिवशी तिने मला पेटीतून काढलंच नाही.

एके दुपारी खिचडीच्या सुट्टीत शहबाज नावाच्या एका टारगट पोराने वाटीभर पाण्यात मीठ ढवळलं आणि माझ्या काचेवर थेंब सोडून स्वरूपापुढे धरलं. "घे, गुलजार चाचांचा पेशल रस. बघ किती पॉइंट."

पोरं फिदीफिदी हसली. गौहर मागे मान खाली घालून बसली होती. स्वरूपाने त्याच्या हातून मला हिसकावून घेतलं. पुसून ठेवायचाच तिचा विचार होता, पण सवयीने डोळा लावला गेला आणि ती थांबली. मी अकरा दाखवत होते.

तिने काच धुतली, फडक्याने टिपली, साध्या पाण्याचा थेंब टाकला. शून्य. पुन्हा शहबाजच्या वाटीतला थेंब. अकरा. पोरं हसायची थांबली. "गौहर, हिकडं ये," ती म्हणाली. किती दिवसांनी ती तिच्याशी बोलत होती.

गौहर आली, तिने बघितलं.

"ह्या पाण्यात साखर हाय का?"

"न्हाय."

"मग आकडा कुठनं आला?"

गौहरने वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग म्हणाली, "ही मिठालाबी मोजती."

दारात अनिता मॅडम उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "कशावरून?"

मग काय विचारता मित्रांनो! लिंबू आलं, खायचा सोडा आला, गूळ आला, शहबाज तर चहाच्या टपरीवरून चहा घेऊन आला. पाण्यात जे जे विरघळेल त्या त्या प्रत्येकाने माझी रेघ वर चढली. शेवटी स्वरूपाने सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, माझी व्याख्या चुकली. ब्रिक्स म्हंजी नुसती साखर न्हाय. रसात जे काय विरघळलंय ते समदं." पाठ केलेलं वाक्य स्वतःच्या हाताने मोडणारी ती मुलगी बघून मला धन्य वाटलं. मला कुणाची गोडी कळत नाही, पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच मी ओळखते. हे कारखान्यातल्या कुणी मला कधी विचारलं नव्हतं, तेव्हा मी सांगणार तरी कुणाला?

पण स्वरूपा तिथे थांबली नाही. "आबा काय उसाला मीठ घालत न्हाईत," ती म्हणाली. "मग त्यात खार कुठनं येणार?"

"कुठल्या रानातला ऊस हाय त्यो?" गौहरने विचारलं.

रविवारी दोघी मला घेऊन रानात गेल्या. आधी माळावरचं रान. तिथे तोड झाली होती, बांधाकडेचे थोडे ऊस उभे होते. त्यांना मी वीस दाखवलं. मग कालव्याखालचं रान. तिथेही वीस. दोघींनी दोन्हीकडचे ऊस दाताने सोलून चावले. माळावरचा गोड. कालव्याखालचा चावताना स्वरूपाने तोंड वाकडं केलं. तिने पायाखाली बघितलं. सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरा थर होता, पापडखारासारखा. चपलेखाली माती ओलीगच्च. आठवडाभर पाणी दिलं नव्हतं तरी.

"कालव्याचं पाणी मुरतंय," ती सावकाश म्हणाली. "खालचा खार वर येतोय. त्योच उसात चाललाय." आणि मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं. आबांनी तोच शब्द वर्गात चाचांच्या तोंडावर मारला होता. पाणी खरोखरच मुरत होतं, पण रसवंतीत नव्हे, त्यांच्याच रानात.

गौहर म्हणाली, "आबांना सांगू नगंस. तुला बोलतील."

"मग लोक चाचांना बोलत राहतील," स्वरूपा म्हणाली.

गौहर इंदापूरची एसटी धरून रसवंतीवर गेली. मी स्वरूपाच्या पिशवीत होते. घराकडे येताना तिची पावलं जड पडत होती. आठ मार्कांचा प्रश्न सोडवणं निराळं आणि उत्तर आपल्याच घरावर येतंय हे दिसत असताना ते सोडवत राहणं निराळं. चौदा वर्षांच्या पोरीने ते केलं. मोठमोठ्यांना जमत नाही हो.

हिंदुराव अंगणात खाटेवर बसले होते, स्वरूपाची आजी मुक्ताबाई तांदूळ निवडत होत्या. स्वरूपाने ताटलीत उसाचे दोन सोललेले तुकडे ठेवले. "आबा, चावून सांगा कुठला चांगला."

"अगं, त्यांना साखरंचा तरास हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "ऊस सोडून किती वर्सं झाली."

आणि तेच तर होतं. शेतात ऊस उभा, पण त्या माणसाने वर्षानुवर्षं तो जिभेवर ठेवला नव्हता. म्हणून तर माझ्या आकड्यावर त्यांचा एवढा विश्वास.

"एकच कुटका, आज्जे. दोन्हीचा इतकुसा."

हिंदुरावांनी पहिला तुकडा चावला आणि त्यांचा चेहरा फुलला. दुसरा चावला. जबडा थांबला. चोथा त्यांनी हातात काढून घेतला.

"ह्यो कुठला?"

"कालव्याखालचा."

"दुर्बीण काय म्हणती?"

"दोन्हीला वीस."

"मग दुर्बीणच खोटी."

"दुर्बीण खरी हाय, आबा. रसात काय काय हाय ते समदं एकात एक करून सांगती ती. साखर किती आन खार किती, हे तिला कळत न्हाय. मलाबी कळत नव्हतं. त्या दिशी वर्गात वीस मीच वाचलं, आन चाचा खोटं ठरलं."

हिंदुराव हातातल्या चोथ्याकडे बघत राहिले. मुक्ताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. आता आबा पोरीवर ओरडणार, असं मला वाटलं. मी फडातली माणसं बघितली आहेत, ऊस म्हणजे त्यांची अब्रू. पण ते उठले, कोनाड्यातली टोपी घेतली आणि म्हणाले, "चल. इंदापूरला जायचंय."

रसवंतीत तीन-चार गिऱ्हाइकं होती. यंत्राच्या चाकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. गौहर पेले विसळत होती. हिंदुरावांना दारात बघून चाचांनी यंत्र बंद केलं.

हिंदुराव बसले नाहीत. समोरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुलजारभाई, मीठ तुझ्या हातचं नव्हतं. माझ्या रानाचं होतं. आज मी सोता चावून बघितलं. माझ्या नातीनं दावलं आन तुझ्या लेकीनं. त्या दिशी मी चारचौघांत बोललो, म्हणून आज चारचौघांत सांगतोय."

चाचा खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत राहिले. मग त्यांनी बाकडं पुढे ओढलं. "बसा, आबा."

"बसतो. अर्धा पेला दे."

"साखर वाढंल तुमची."

"वाढू दे. आज तुझ्या हातचा घेतल्याबिगर उठणार न्हाय. आन पोरीला हितं फुफूकडं ठिवू नगंस. तिच्याबिगर आमची स्वरूपा नुसता पोपट हाय."

चाचांनी गौहरकडे बघितलं. ती पेला पुसत म्हणाली, "अब्बा, मला कळंबलाच ऱ्हायचंय." चाचांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं. स्वरूपा भिंतीकडे तोंड करून रडत होती, पण ते फक्त मला ठाऊक, कारण तिने मला छातीशी धरलं होतं.

हिंदुरावांनी त्या उन्हाळ्यात कालव्याखालच्या रानाला चर काढला आणि खारं पाणी ओढ्याला लावलं. अनिता मॅडमनी पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथेच नेऊन धडा शिकवला. गौहर आणि स्वरूपा आता दहावीत आहेत, एकाच बाकावर. पहिला नंबर कधी हिचा, कधी तिचा, आणि वर्गात दोघींची भांडणं इतकी की मॅडमना 'कशावरून' विचारायची वेळच येत नाही, त्या एकमेकींनाच विचारतात.

मी थकले आहे. माझ्या काचेवर एक चरा आहे, थंडीत आत धुकं धरतं. तरी नवी पोरं येतात, मला उजेडाकडे धरतात आणि आकडा वाचून माझ्याकडे बघत राहतात, जणू मी पुढचं बोलणार आहे. मी पुढचं बोलू शकत नाही. पुढचं तुम्हालाच शोधावं लागतं, आणि तुम्ही ते शोधता, हे मी या शाळेत डोळ्यांनी बघितलं आहे.

एकच विनवणी आहे, मित्रांनो. वापरून झाल्यावर मला साध्या पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने टिपून पेटीत ठेवा. माझ्या काचेवर कालचा रस वाळला की आज मी चुकीचं सांगते, आणि चुकीचं सांगताना माझी रेघ जराही थरथरत नाही. ती तितकीच सरळ, तितकीच स्वच्छ दिसते. तेवढ्यावर गावात एका सच्च्या माणसाला खोटं ठरवता येतं. ते पुन्हा माझ्या हातून होऊ देऊ नका.